मिंटोचा पेला आणि न्यूझीचा झेला

१६ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची सभा भरली होती आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट घ्यायचं, असं त्या सभेनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी आमच्या शाखेत दुसरा विषय नव्हता. काउंटरच्या आतले आणि काउंटरच्या बाहेरचे एकाच बाजूनं बोलताहेत, असा योग बँकेत फारसा येत नाही. त्या दिवशी आला. पण त्याच ठरावात क्रिकेटच्या मागोमाग आणखी चार खेळ हळूच आत शिरले होते, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. लोकलच्या डब्यात एक धिप्पाड गृहस्थ दार अडवून चढतो आणि त्याच्या बगलेखालून चार किरकोळ माणसं आत येतात, तसलाच प्रकार. त्या चौघांत एक होता लॅक्रॉस.

“लॅक्रॉस?” आमचे हेड कॅशियर बातमीच्या शेपटावर बोट ठेवून म्हणाले, “हे खोकल्याचं औषध ना हो?”

मी कॉमर्सचा पदवीधर. इतिहास मी आमच्या बँकेच्या पद्धतीनं वाचतो. आधी रक्कम बघायची, मग सही, आणि वेळ उरला तर मजकूर. तेव्हा हेड कॅशियरसाहेबांच्या औषधाची चौकशी करताना माझी नजर पहिल्यांदा रकमेवरच गेली, हे ओघानंच आलं. कॅनडात न्यूझी लालाँद नावाचा एक खेळाडू होऊन गेला. १९१० साली त्याला बर्फावरची हॉकी खेळण्याबद्दल १,३०० डॉलर मिळाले आणि लॅक्रॉस खेळण्याबद्दल ३,५००. म्हणजे लॅक्रॉसचा पगार हॉकीच्या अडीचपटीहून जास्त. आणि आज कुठलाही क्रीडाकोश उघडा, त्यात हा माणूस हॉकीपटू म्हणून बसलेला आहे. लॅक्रॉसचा उल्लेख असलाच तर ‘शिवाय’ या शब्दानं सुरू होणाऱ्या वाक्यात. ज्या खात्यात जास्त पैसे, तेच खातं लोक विसरतात कसं? हा हिशेब काही केल्या टॅली होईना, म्हणून मग मजकूरही वाचला.

लॅक्रॉस म्हणजे काय, ते कोकणातल्या माणसाला अर्ध्या मिनिटात समजेल. आंबे उतरवायला आपल्याकडे झेला असतो. लांब काठी आणि तिच्या टोकाला जाळी. तो झेला जरा आखूड करा, जाळी पसरट करा आणि मैदानात, न्यूझीच्या काळच्या रिवाजानं, बारा माणसं या बाजूला, बारा त्या बाजूला उभी करून प्रत्येकाच्या हातात एकेक द्या. आंब्याऐवजी रबरी चेंडू. तो झेल्यातच झेलायचा, झेल्यातच घेऊन पळायचं, झेल्यानंच दुसऱ्याकडे फेकायचा आणि शेवटी समोरच्याच्या गोलात मारायचा. हात लावायचा नाही. समोरच्याच्या हातातही काठीच असल्यामुळे तो ती आपल्या अंगावर वाजवणार, हे गृहीत. आमराईत राखणदाराच्या देखत आंबे काढायला गेलेल्या मुलांना हा खेळ उपजत येत असावा.

तो मूळचा उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा. गोरे लोक तिथे पोचण्याच्या कितीतरी आधीपासून होडेनोशोनी, ओजिब्वे वगैरे लोक तो खेळत आले होते. खेळत म्हणण्यापेक्षा पाळत म्हणावं. आजारी माणूस बरा व्हावा म्हणून सामना, देवाला बरं वाटावं म्हणून सामना आणि कधीकधी दोन टोळ्यांची भांडणं युद्धावाचून मिटावीत म्हणूनही सामना. सतराव्या शतकात फ्रेंच पाद्री आले, त्यांनी ती काठी पाहिली आणि तिला आपल्या भाषेतलं ‘ला क्रॉस’ हे नाव दिलं. खेळ एकाचा आणि नाव दुसऱ्याचं.

या खेळानं एकदा किल्लाही घेतलेला आहे. १७६३ च्या जूनमध्ये मिचिलिमॅकिनॉ नावाच्या इंग्रजांच्या ठाण्याबाहेर (पासबुक छापणाऱ्या यंत्राला हे नाव एका ओळीत बसवता येणार नाही) ओजिब्वे आणि सॉक लोकांनी राजाच्या वाढदिवसाच्या निमित्तानं सामना मांडला. इंग्रज शिपाई मजेत बघत बसले. दरवाजे उघडे. खेळता खेळता चेंडू उडून किल्ल्यात पडला, त्याच्यामागे खेळाडू आत धावले आणि आत पोचलेल्या त्यांच्या बायकांनी पांघरुणाखाली दडवलेली हत्यारं त्यांच्या हाती दिली. पुढं काय झालं ते सांगायला नको. लग्नाच्या वऱ्हाडात मिसळून लाल महालावर चालून गेल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती १६६३ सालची. बरोबर शंभर वर्षांचं अंतर, तेव्हा एकानं दुसऱ्याचं बघून केलं असं म्हणायलाही जागा नाही.

पुढे माँट्रियलच्या गोऱ्या तरुणांनी हा खेळ उचलला. १८५६ साली त्यांचा क्लब निघाला आणि त्यानंतर डॉ. विल्यम जॉर्ज बिअर्स या गृहस्थांनी खेळाला लेखी नियम घालून दिले. किती माणसं, केवढं मैदान, कसला चेंडू, सगळं कागदावर आलं. १८६७ साली कॅनडा हा देश जन्माला आला, त्याच वर्षी बिअर्ससाहेबांनी राष्ट्रीय लॅक्रॉस संघटनाही उभी केली आणि ‘हाच आमचा राष्ट्रीय खेळ’ असा धोशा लावला. तो इतका लावला की पार्लमेंटनं तसा कायदाच केलाय, अशी पुढच्या पिढ्यांची खात्री झाली. कायदा कुठे केलेलाच नव्हता. तो झाला १९९४ साली, आणि त्यातही उन्हाळ्याचा राष्ट्रीय खेळ लॅक्रॉस आणि हिवाळ्याचा हॉकी, अशी दोघांत वाटणी झाली. बिअर्ससाहेबांचा व्यवसाय सांगायचा राहिला. ते दंतवैद्य होते. कॅनडातलं दातांच्या वैद्यकीचं पहिलं मासिक त्यांनीच १८६८ साली काढलं. ज्या खेळात समोरच्याच्या तोंडावर काठी बसण्याची पक्की सोय आहे, त्याची नियमावली एका दंतवैद्यानं लिहावी, हा योगायोग आहे असं मानायला मी तयार आहे. आमचे हेड कॅशियर तयार नाहीत.

आता एक बिल. १८७६ साली बिअर्स हे माँट्रियलचा गोरा संघ आणि कॅनावागीचा मोहॉक संघ असे दोन्ही घेऊन विलायतेला गेले. विंडसरला खुद्द व्हिक्टोरिया राणीनं त्यांचा खेळ बघितला. लोक बघायला येत ते अर्थातच मोहॉकांना. त्यानंतर चारच वर्षांनी, १८८० साली, कॅनडाच्या राष्ट्रीय संघटनेनं मूळ रहिवाशांच्या संघांना अजिंक्यपदाच्या स्पर्धेतून बाहेर काढलं. कारण काय, तर ते हौशी नाहीत, व्यावसायिक आहेत. आणि व्यावसायिक का, तर ते जाण्यायेण्याचा खर्च आणि तिकिटांच्या पैशातला वाटा मागतात. गोऱ्या क्लबांत बँकर, वकील, व्यापाऱ्यांचे चिरंजीव. त्यांना गाडीभाडं मागायची गरज नव्हती. ज्यांच्या खिशात भाड्याला पैसे नव्हते त्यांनी ते मागितले, आणि मागितले म्हणून त्यांचाच खेळ त्यांना बंद.

टी.ए. बिल ही काय चीज आहे ते मी जाणतो. ऑडिटला तालुक्याच्या गावी गेलो असताना केलेल्या रिक्षाच्या खर्चाबद्दल मला एकदा वरून लेखी विचारणा झाली होती, की रिक्षा ही निकड होती का. पण त्यासाठी मला बँकेतून काढलं नव्हतं. मोहॉकांना काढलं. आणि बाकीच्यांनी पुढच्या तीसएक वर्षांत त्याच खेळात उघड पगार घ्यायला सुरुवात केली, त्या पगाराचा सगळ्यात मोठा आकडा ज्याच्या नावावर पडला तो आपला न्यूझी.

एदुआर सिरिल लालाँद याचा जन्म १८८७ च्या ३१ ऑक्टोबरला ऑन्टॅरिओ प्रांतातल्या कॉर्नवॉल गावी झाला. फ्रेंच घराणं. गाव सेंट लॉरेन्स नदीच्या काठी, आणि शेजारीच अक्वेसास्ने ही मोहॉकांची वस्ती. हिकरीचं लाकूड वाफेवर वाकवून, त्याला कातड्याची जाळी विणून हे मोहॉक कारागीर काठ्या बनवत. आपल्याकडे एखाद्या गावात घरटी एक भजनी असतो, तसा तिथे घरटी एक लॅक्रॉसवाला. न्यूझी हे टोपणनाव. पोरसवदा वयात तो वर्तमानपत्री कागदाच्या गिरणीत होता म्हणून ते पडलं, असं काही जण सांगतात. काही म्हणतात, छापखान्यात होता. काही असो, शाई किंवा कागद यांपैकी एक त्याच्या बोटांना लागलेला होता, तेवढ्यावर नाव जन्मभर चिकटलं. आईबापांनी हौसेनं ठेवलेलं ‘एदुआर’ फक्त कागदोपत्री उरलं. असली नावं आपल्याकडेही प्रत्येक चाळीत चार सापडतात.

कॅनडात हिवाळा सहा महिने आणि त्या सहा महिन्यांत मैदानाचं गोठलेलं तळं होतं. तेव्हा उन्हाळ्यात लॅक्रॉस खेळायचा आणि हिवाळ्यात हॉकी, हा तिथला रिवाज. आपल्याकडे खरीप आणि रब्बी असतं तसं. न्यूझीची दोन्ही पिकं जोरदार. ५ जानेवारी १९१० या दिवशी माँट्रियल कॅनेडियन्स हा हॉकी संघ आपला पहिला सामना खेळला. हॉकीत या संघाचं स्थान आपल्या रणजीतल्या मुंबईसारखं. तर त्या संघाच्या इतिहासातला पहिला गोल न्यूझीचा. पण त्याच मोसमात तो मध्येच रेनफ्रू नावाच्या गावच्या संघाकडे गेला. लोणी काढणाऱ्या या छोट्या गावाचं नाव संघालाही चिकटलं होतं. दूधदुभत्याचे राजे अशा अर्थाच्या नावानं तो ओळखला जाई. तिथं शेवटच्या सामन्यात न्यूझीनं एकट्यानं नऊ गोल मारले आणि ११ सामन्यांत ३८ गोल करून मोसमातला सर्वाधिक गोलांचा मान पटकावला. म्हणजे हॉकीत माणूस कच्चा नव्हता. तरीही हॉकीचे १,३०० आणि लॅक्रॉसचे ३,५००. कारण लोक लॅक्रॉसला गर्दी करत होते. उन्हाळ्यात हजारोंनी मैदानाच्या कडेला उभे राहत होते.

आणि इथे मिंटो येतो.

मोर्ले-मिंटो सुधारणा आपण शाळेत पाठ केल्या, पेपरात लिहिल्या आणि त्या कशाच्या सुधारणा होत्या ते विसरलो. त्यातला हा मिंटो. लोकमान्यांना १९०८ साली मंडालेला धाडलं, तेव्हा हिंदुस्थानचा व्हाइसरॉय हाच होता. पण इकडे येण्यापूर्वी, १८९८ ते १९०४ या काळात, तो कॅनडाचा गव्हर्नर जनरल होता. माणूस खेळाडू वृत्तीचा. तरुणपणी ग्रँड नॅशनलच्या घोड्यांच्या शर्यतीत जॉकी म्हणून उतरून मान मोडून घेतलेला. १९०१ साली त्यानं लॅक्रॉसच्या अजिंक्य संघासाठी चांदीचा पेला ठेवला, तोच मिंटो कप. अट एकच, संघ हौशी हवेत. दात्याची पाठ वळली आणि तो कलकत्त्याला येऊन आमच्या उरावर बसला, तोवर तिकडे त्याच्या पेल्याभोवती पगारी खेळाडू जमले. १९०८ साली पश्चिम किनाऱ्यावरच्या न्यू वेस्टमिन्स्टरच्या संघानं तो जिंकून नेला. फ्रेझर नदीतल्या सामन माशांचे कारखाने त्या गावात, म्हणून या खेळाडूंना सॅमनबेलीज म्हणत, म्हणजे माशाची पोटं. शिवी म्हणून पडलेलं नाव त्यांनी बिरुद म्हणून छातीवर लावलं. आमच्या शाखेला लोक काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही, पण ते बिरुद करावं असं अजून कुणाच्या डोक्यात आलेलं नाही.

न्यू वेस्टमिन्स्टरच्या शेजारचं मोठं शहर व्हँकुव्हर. शेजाऱ्याच्या कपाटातला पेला बघून तिथल्या कॉन जोन्स नावाच्या माणसाला झोप येईना. हा मूळचा ऑस्ट्रेलियन, व्हँकुव्हरात तंबाखूची आणि बिलियर्डची दुकानं चालवणारा. दुकानावर त्याचं ब्रीदवाक्य: ‘वाद घालू नका’. पाटीवरच्या चित्रात एक माणूस दुसऱ्याचं थोबाड पंजानं मागे ढकलतोय. सदाशिव पेठेबाहेर इतकी नेमकी पाटी मी दुसरी ऐकलेली नाही. या जोन्सनं १९११ च्या उन्हाळ्यासाठी न्यूझीला माँट्रियलहून उचलला. पगार ५,००० डॉलर. एका उन्हाळ्याचे.

पाच हजार डॉलर म्हणजे किती, हा प्रश्न माझ्यासारख्याला स्वस्थ बसू देत नाही. त्या वेळच्या भावानं साधारण साडेपंधरा हजार रुपये. पण रुपयांवरून नीट कल्पना येत नाही, म्हणून सोन्यात काढून बघितले. डॉलर तेव्हा सोन्याला बांधलेला होता, औंसाला २० डॉलर ६७ सेंट. त्या हिशेबानं साडेसात किलो सोनं. तोळ्यांत सांगायचं तर ६४५ तोळे. हा आकडा मी घरी मोठ्यानं वाचला. स्वयंपाकघरातून आवाज आला, “झेला घेऊन धावायचे?” मी म्हटलं, “हो.” त्यावर थोडा वेळ काहीच आवाज आला नाही आणि मग पोळपाटाचा नेहमीपेक्षा जरा मोठा आला.

जोन्सचे पैसे वाया गेले नाहीत. १९११ साली व्हँकुव्हरनं माशांच्या पोटांना हरवून मिंटोचा पेला पळवला. त्या वर्षी लोकमान्य मंडालेच्या तुरुंगात होते आणि गीतारहस्याचं हस्तलिखित नुकतं हातावेगळं झालं होतं. ज्या मिंटोच्या राज्यात त्यांना तिथं धाडलं, त्याच मिंटोच्या नावच्या पेल्यासाठी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला एक फ्रेंच कारागिराचा पोर साडेसात किलो सोन्याच्या भावानं पळत होता. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या मनात त्या शेजारी शेजारी बसल्या आहेत आणि उठायला तयार नाहीत.

पुढच्याच वर्षी, १९१२ साली, न्यूझी परत माँट्रियलला आला आणि १६ सामन्यांत त्यानं ६६ गोल केले. सामन्याला चाराहून जास्त. या खेळातली त्याची नोंद ही. ‘सातत्य’ हा शब्द आमच्या गोपनीय अहवालात येतो, तो अशा माणसांसाठी केलेला असावा.

तो साधुसंत मात्र नव्हता. काठी हातात घेतली की दोन्ही खेळांत त्याचा हात सैल सुटे. १९१२ च्या डिसेंबरात टोरोंटोतल्या एका प्रदर्शनीय हॉकी सामन्यात त्यानं क्लेगहॉर्न बंधूंपैकी धाकट्याला फळीवर आदळला. थोरला क्लेगहॉर्न धावत आला आणि त्यानं न्यूझीच्या कपाळावर काठी हाणली. प्रदर्शनीय सामना होता बरं का, चुरशीचा नव्हे. प्रकरण कोर्टात गेलं, थोरल्याला ५० डॉलर दंड झाला. कपाळ शिवून न्यूझी पुन्हा खेळायला हजर. जो हॉल नावाच्या आडदांड बचावपटूशी तर त्याचं उभं वैर. ‘बॅड जो’ म्हणत त्याला. दोघांनी वर्षानुवर्षं एकमेकांना काठ्यांनी झोडपलं, रक्त काढलं, आणि लोक तिकीट काढून ते बघायला आले. मग १९१७ साली हॉलही कॅनेडियन्समध्ये दाखल झाला. कप्तान न्यूझी. दौऱ्यावर दोघांची एकाच खोलीत सोय झाली आणि दोघं मित्र झाले. डोकी फोडून झाल्यावर मैत्री जमते, हा अनुभव शाळेतल्या मुलांना आणि एकत्र कुटुंबातल्या भावांना असतोच.

१९१९ च्या वसंतात स्टॅन्ली कपच्या अंतिम फेरीसाठी कॅनेडियन्स सिअ‍ॅटलला गेले. पाच सामने झाले, दोघांचे विजय सारखे, एक बरोबरीत. निर्णायक सामन्याच्या दिवशी संघ अंथरुणात. इन्फ्लुएन्झाची साथ होती; त्याच साथीनं आपल्याकडे आदल्या वर्षी गावंच्या गावं ओस पाडली होती. न्यूझीही तापानं फणफणलेला. सामना रद्द झाला, त्या वर्षी पेला कुणालाच मिळाला नाही. न्यूझी उठला. जो हॉल उठला नाही. ५ एप्रिलला तो गेला. त्या स्पर्धेच्या बाद फेऱ्यांतल्या दहा सामन्यांत न्यूझीनं १७ गोल केले होते. ते पुस्तकात आहेत, पण मला त्या पानावर आकडे वाचवले नाहीत. आकडे न वाचता पान उलटल्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ.

दरम्यान लॅक्रॉसचं काय चाललं होतं? लॅक्रॉस आटत चालला होता. १९१४ साली महायुद्ध लागलं, तरुण फौजेत गेले. परत आले तेव्हा उन्हाळ्यात करायला दुसऱ्या गोष्टी होत्या. मोटारी आल्या होत्या, बेसबॉल आला होता, तळ्याकाठी सुट्टी घालवायची पद्धत पडली होती. मैदानावरची मारामारी तर सभ्य माणसांच्या डोळ्यांवर येऊ लागली होतीच. आणि आणखी एक कारण, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हॉकीनं छप्पर घातलं. मोठमोठ्या बंदिस्त इमारती उभ्या राहिल्या, आत यंत्रानं बर्फ तयार होऊ लागलं, बाहेर हवा कशीही असो, तिकिटं विकली जाऊ लागली. लॅक्रॉस उघड्यावरच राहिला. धंद्यात उघड्यावर राहणाऱ्याचं काय होतं, ते रस्त्यावरच्या कुठल्याही फेरीवाल्याला विचारा. १९२० चं दशक निम्मं होईतो पगारी लॅक्रॉसचा गाशा गुंडाळला गेला.

न्यूझीची हॉकी मात्र जोरात होती. १९२० च्या जानेवारीत त्यानं एका सामन्यात सहा गोल मारले. १९२१ साली कॅनेडियन्सचे मालक वारले, तेही सिअ‍ॅटलच्या त्या दुखण्यातून पुरते सावरलेच नव्हते. संघ ११,००० डॉलरला विकला गेला. म्हणजे दहा वर्षांपूर्वी एकट्या न्यूझीच्या एका उन्हाळ्याला जितकं मोजलं, त्याच्या सव्वादोनपटीत अख्खा संघ, इभ्रतीसकट. नव्या मालकांचं आणि न्यूझीचं जमेना. १९२२ साली त्यांनी त्याला सास्काटूनला धाडला आणि बदल्यात ओरेल जोलिया नावाचा एक बुटका, किडकिडा, कुणी नाव न ऐकलेला पोरगा घेतला. माँट्रियलमध्ये गदारोळ झाला. गदारोळ करणाऱ्यांचं दुर्दैव असं, की तो किडकिडा पोरगा पुढं सोळा मोसम त्या संघातून खेळला आणि थोर निघाला. आणि चौतिशी उलटलेल्या न्यूझीनं तिकडे सास्काटूनला पहिल्याच मोसमात ३० गोल मारून दाखवले. बदलीचा हुकूम दोन्ही बाजूंना लाभदायक ठरल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला आमच्या क्षेत्रात आढळलेलं नाही.

आता गंमत बघा. याच नव्या मालकांपैकी दांदुराँ आणि कातारिनिच या दोघांच्या डोक्यात १९३१ साली आलं, की हॉकीच्या या एवढाल्या इमारती उन्हाळ्यात रिकाम्या पडतात, भाडं मात्र चालू. बर्फ वितळवलं, जमीन मोकळी केली आणि त्यात लॅक्रॉस कोंबला. माणसं कमी, मैदान छोटं, भिंती चारी बाजूंनी. बॉक्स लॅक्रॉस. कॅनडात तोच रुजला आणि मैदानी लॅक्रॉस जवळजवळ पुसला गेला. म्हणजे एकेकाळी हॉकीच्या अडीचपट पगार देणारा खेळ हॉकीच्या घरात पोटभाडेकरू झाला. मिंटोच्या पेल्याचीही तीच गत. घेणारं कुणी उरलं नाही, तेव्हा १९३७ साली तो ज्युनिअर गटाला देऊन टाकला. थोरल्याचा सदरा धाकट्याला, तसा.

माझा टॅली न होणारा हिशेब इथे जुळला. न्यूझीच्या एका खात्यातली रक्कम मोठी होती, पण ते चलनच बाद झालं. हॉकीच्या खात्यातली रक्कम लहान, पण त्या नोटा अजून चालतात. म्हणून लोक त्याला तिथल्या शिलकीवर ओळखतात. १९५० साली कॅनडातल्या वार्ताहरांनी अर्ध्या शतकातले सर्वश्रेष्ठ खेळाडू निवडले, तेव्हा लॅक्रॉससाठी न्यूझी लालाँद हेच नाव पुढं आलं. त्याच १९५० साली हॉकीच्या सन्मानदालनातही तो गेला. लॅक्रॉसच्या सन्मानदालनात मात्र त्याची वर्णी लागली १९६५ साली. पंधरा वर्षं उशिरा, कारण लॅक्रॉसवाल्यांनी दालनच तेव्हा सुरू केलं. २१ नोव्हेंबर १९७० रोजी माँट्रियलमध्ये तो वारला. वय ८३.

पेला अजून आहे. दर वर्षी ऑगस्टमध्ये कॅनडातले ज्युनिअर संघ त्याच्यासाठी बंदिस्त मैदानात एकमेकांच्या बरगड्या मोजतात, आणि त्यातल्या किती पोरांना हा मिंटो कोण ते माहीत असेल याची मला शंका आहे. २०१४ साली तो पेला सिक्स नेशन्स ॲरोज या संघानं जिंकला. सिक्स नेशन्स म्हणजे होडेनोशोनींचीच सहा राष्ट्रं, मोहॉक त्यांपैकीच एक. २०१५ साली पुन्हा त्यांनीच जिंकला. त्यांचं प्रवासखर्चाचं बिल या खेपेला बिनबोभाट पास झालं असावं, असा आमच्या हेड कॅशियरांचा अंदाज आहे.